ऐंशी एकरांवरची हरणं

टेक्सासच्या हिल कंट्रीत, म्हणजे ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओच्या पश्चिमेकडच्या चुनखडीच्या टेकड्यांत, पन्नास-ऐंशी एकर जमीन घ्यावी असा बेत तिकडच्या मराठी घरांमधून अधूनमधून ऐकू येतो. शनिवार-रविवारी जायला जागा, मुलांना मोकळं रान, हौस असेल त्याला शिकार. खरेदीखतावर सही झाली की पहिला प्रश्न असतो, 'आपल्याकडे हरणं किती?' त्याचं खरं उत्तर नव्या मालकाला आवडत नाही: एकही नाही. टेक्सासात रानातली देशी हरणं कायद्याने राज्यातल्या जनतेच्या मालकीची असतात. तुम्ही विकत घेतलेली असते जमीन. हरणं त्या जमिनीवरून फक्त येतात-जातात.

हा मुद्दा नुसता कायद्याचा नाही. इथलं मूळचं हरीण म्हणजे व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटीचं. त्याची मादी काही शे एकरांत फिरते आणि मोठा नर सहज एक चौरस मैल, म्हणजे 640 एकर किंवा त्याहूनही जास्त रान तुडवतो. तुमचे ऐंशी एकर हा त्याच्या रोजच्या वाटेवरचा एक थांबा. त्यामुळे दहा हजार एकरांच्या रँचसाठी लिहिलेली पुस्तकं वाचून कोणी 'नरांची जात सुधारायला' निघाला, तर पैसा आणि उमेद दोन्ही वाया जातात. तुम्ही न मारलेला तीन वर्षांचा नर संध्याकाळी शेजाऱ्याच्या मक्याच्या फीडरखाली उभा असतो. आठ फुटी कुंपण घालून तो प्रश्न सुटतो म्हणतात. ऐंशी एकरांवर तो सुटत नाही, तिथे फक्त महागडा कोंडवाडा तयार होतो.

तुमच्या हातात खरोखर तीन गोष्टी आहेत: जमिनीवरचा झाडपाला, स्वतःच्या बंदुकीचा चाप आणि शेजाऱ्यांशी असलेलं बोलणं. उरलेला सगळा लेख या तिघांभोवतीच फिरतो.

आधी झाडं वाचा

जमीन घेतल्यावर पहिलं वर्ष काही विकत घेऊ नका. फीडर नको, मचाण नको, ट्रॅक्टर तर नकोच. हिवाळा संपत आला की रानातून पायी हिंडा आणि चार-पाच फूट उंचीपर्यंत काय हिरवं उरलंय ते बघा. हरीण उभं राहून जिथवर तोंड पोचवू शकतं तिथवरचा पाला साफ झालेला असेल आणि त्याच्या वर फांद्या भरगच्च असतील, तर झाडांच्या खाली कात्रीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसते. हिल कंट्रीत ही रेघ इतकी सर्रास दिसते, की नवख्याला रान असंच असतं असं वाटतं.

कुठल्या झाडावर रेघ आहे हे त्याहून महत्त्वाचं. हरणांनाही आवडनिवड असते. स्पॅनिश ओक, किडनीवूड, कॅरोलायना बकथॉर्न, मलबेरी हे त्यांचं पहिल्या पंगतीचं खाणं. लाइव्ह ओक, हॅकबेरी, एल्म हे दुसऱ्या पंगतीचं. सीडर, अगरिता, पर्सिमन हे नाइलाजाने खायचं. पहिल्या पंगतीच्या झाडांचे शेंडे थोडेफार खुडलेले असतील तर काळजी नाही. वर्षाची नवी वाढ निम्म्याहून कमी खाल्ली गेली असेल, तर झाड ते सोसतं. लाइव्ह ओकवर ठळक रेघ असेल तर हरणं जास्त झालीत. सीडरवरसुद्धा रेघ दिसली, तर तुमच्या रानात उपासमार चालू आहे, मग रानात लावलेल्या कॅमेऱ्यात हरणं कितीही गोंडस दिसोत.

आणखी एक खूण शोधा, ती म्हणजे गुडघाभर उंचीची ओकची रोपं. मोठे ओक आहेत, खाली फळांचा सडा पडतो, पण दहा-वीस वर्षांचं एकही झाड नाही, असं रान हिल कंट्रीत जागोजागी आढळतं. त्याचा अर्थ एवढाच, की उगवलेलं प्रत्येक रोप खाल्लं गेलं. खात्री करायची असेल तर जाड तारेच्या जाळीचा पाच फूट उंच गोल पिंजरा करून रानात दोन-तीन ठिकाणी जमिनीत पक्का ठोका. वर्षभराने जाळीच्या आत काय उगवलं आणि बाहेर काय उगवलं हे शेजारी शेजारी दिसतं. शंभर-दीडशे डॉलरच्या या प्रयोगासारखा दुसरा सल्लागार नाही.

ही वेळ का आली, त्याची मुळं जुनी आहेत. लांडगा आणि प्यूमा या भागातून फार पूर्वी हटवले गेले. शेळ्या-मेंढ्यांनी पिढ्यान् पिढ्या रान खाल्लं. उरलासुरला आवर होता स्क्रूवर्म नावाच्या माशीचा. पाडसाच्या नाळेच्या ओल्या जखमेत ती अंडी घालायची आणि अळ्या जिवंत मांस खात, त्यामुळे कित्येक पाडसं जगत नसत. 1960च्या दशकात नपुंसक केलेले नर सोडून या माशीचा बंदोबस्त सुरू झाला. गुरं वाचली, आणि त्यांच्याबरोबर हरणंही वाढत गेली. ठीकठाक रानात दर दहा-बारा एकरांमागे एक हरीण हा अंदाज इथे साधारण मानला जातो. म्हणजे ऐंशी एकरांना सात-आठ. तुमच्या कॅमेऱ्यात एका रात्री वीस दिसत असतील, तर काय करायचं हे वेगळं सांगायला नको.

सीडरवर बुलडोझर घालण्याआधी

नव्या मालकाला सगळ्यात पहिली सुरसुरी येते ती सीडर काढायची. इथला सीडर म्हणजे अॅश ज्युनिपर. माळावर तो दाट माजतो, खालचं गवत मारतो, हे खरंच. पण सरसकट सफाई करणाऱ्याची जमीन तीन वर्षांत ओसाड होते आणि उतारावरची पातळ माती पहिल्याच वळवात ओढ्यात जाते.

सपाट माळावरची कोवळी झुडपं काढा. उतारावरची आणि ओढ्याच्या काठची राहू द्या. अॅश ज्युनिपर बुंध्याशी, सगळ्यात खालच्या हिरव्या फांदीच्या खाली कापला की पुन्हा फुटत नाही, त्यामुळे हातकरवत आणि धीर पुरतो. कापलेल्या फांद्या जाळू नका. ओकच्या रोपांवर त्या सैल रचून ठेवा. हरणाचं तोंड आत जात नाही आणि रोप चार-पाच वर्षांत त्याच्या पोचेबाहेर जातं. कुंपणावर एक पैसा न घालता एवढं काम होतं.

दऱ्यांतला जुना, सालपटं सुटलेला सीडर मात्र हात न लावता ठेवा. गोल्डन-चीक्ड वॉर्ब्लर नावाचा छोटा पक्षी त्या सालीच्या लांब धाग्यांनी घरटं विणतो. त्याची वीण फक्त मध्य टेक्सासात होते आणि 1990पासून तो केंद्राच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. मार्च ते ऑगस्ट त्याच्या वस्तीच्या आसपास करवत चालवणं कायद्यानेही महागात पडू शकतं.

ओकच्या फांद्या छाटायच्या असतील तर फेब्रुवारी ते जून हा काळ टाळा. ओक विल्ट नावाची बुरशी या महिन्यांत ताज्या जखमेवर बसणाऱ्या भुंग्यांमधून पसरते आणि एका झाडापासून मुळांवाटे शेजारच्या झाडांत शिरते. कुठल्याही महिन्यात छाटलं तरी जखमेला लगेच रंग फासा. यात आळस केलेल्यांच्या रानात पन्नास-पन्नास वर्षांचे लाइव्ह ओक रांगेने वाळलेले दिसतात.

गवताकडेही बघा. लिटल ब्लूस्टेम, इंडियनग्रास, साइडओट्स ग्रामा असं झुपकेदार गवत गुडघ्यापर्यंत असेल तर जूनमध्ये जन्मलेली पाडसं त्यात लपतात. तसं गवत असलं की कोयोटी मारण्याचा उद्योग बहुतेक अनावश्यक ठरतो. आणि शेजाऱ्याने 'कर वाचतो' म्हणून तुमच्या रानात शेळ्या सोडायची गळ घातली, तर नम्रपणे नाही म्हणा. गाय मुख्यत्वे गवत खाते, शेळी हरणाच्याच ताटात जेवते.

मक्याचं फीडर

इथल्या दर दुकानात 'डिअर कॉर्न'च्या पोत्यांच्या थप्प्या असतात आणि जो तो ती घेऊन जातो. मका म्हणजे हरणाला बोलावण्याचं आमंत्रण आहे, खुराक नाही. त्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के. पाडसांच्या वाढीला आणि नराच्या शिंगांना सोळा टक्क्यांच्या आसपास लागतात. ती मिळायची चांगल्या झाडपाल्यातून आणि पावसानंतर उगवणाऱ्या रुंद पानांच्या वनस्पतींतून. फीडरवर जगणारी हरणं आसपासचा पाला आणखीच खरवडतात. खाऊ घालून रान वाचत नाही, उलट जास्तीची तोंडं जगवली जातात.

तरी ठेवायचाच असेल तर अफ्लाटॉक्सिन 20 पीपीबीच्या आत असल्याचं लेबल असलेलाच मका घ्या. ओला, बुरशी आलेला मका पक्ष्यांना आधी मारतो. फीडरभोवती 34 इंच उंचीच्या जाळीचं गोल कुंपण करा. हरीण त्यावरून उडी मारतं, डुकराला ती जमत नाही.

डुकरांबद्दल थोडं. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं आणि पुढे शिकारीसाठी सोडलेली युरोपी रानडुकरं यांच्या संकरातून झालेली ही जनावरं माळ नांगरल्यासारखा उकरतात, ओढे गढूळ करतात, टर्कीची अंडी खातात. बंदुकीने एक-दोन मारली तर बाकीची शहाणी होतात आणि रात्रीची येऊ लागतात. अख्खा कळप एकदम कोंडणारा मोठा गोल सापळा लावा. आठवडाभर दार उघडं ठेवून आत मका टाका आणि सगळी, अगदी शेवटची बिचकणारी मादीसुद्धा, आत येऊ लागल्यावरच दार पाडा. सोलताना हातमोजे हवेतच, कारण या डुकरांत ब्रुसेलोसिस असतो. स्वतःच्या खाजगी जमिनीवर त्यांच्या शिकारीला परवाना लागत नाही.

मोजा, मग मारा

ऑगस्ट-सप्टेंबरात, नरांची शिंगं पूर्ण वाढलेली आणि पाडसं आईमागे हिंडत असताना, मोजणी करा. ऐंशी एकरांना एक-दोन कॅमेरे पुरेत. दहा-चौदा दिवस लावून ठेवा. नर शिंगांवरून वेगवेगळे ओळखता येतात. माद्या ओळखता येत नाहीत, पण नरांच्या आणि माद्यांच्या फोटोंच्या प्रमाणावरून त्यांचा अंदाज बांधता येतो. खरं बघायचं ते माद्यांमागे पाडसं किती हे. माद्या पुष्कळ आणि पाडसं मोजकीच असतील, तर एक तर खाणं नाही किंवा लपायला गवत नाही. रात्री टॉर्च घेऊन मोजायला निघणार असाल तर आधी काउंटीच्या गेम वॉर्डनला आणि शेजाऱ्यांना कळवा. अंधारात रानावर दिवा फिरवणारा माणूस त्यांच्या लेखी चोरटा शिकारी असतो.

मग मारायचं कोणाला? माद्यांना. बऱ्याच नव्या शिकाऱ्यांचा इथे पाय अडखळतो. शिंगं असलेला नर टिपावा आणि मादीला सोडावं, यात आपल्याला शौर्य आणि दया दोन्ही दिसतं. नर कमी झाल्याने पुढच्या वर्षीची पाडसं कमी होत नाहीत, कारण एक नर कित्येक माद्यांना पुरतो. तोंडं कमी करायची असतील तर माद्या मारायला हव्यात, आणि त्याही हंगामाच्या सुरुवातीला. नोव्हेंबरात मारलेली मादी अख्ख्या हिवाळ्याचा पाला इतरांसाठी सोडून जाते. तोवर जूनची पाडसं दूध सुटून स्वतः चरायला लागलेली असतात.

नरांच्या बाबतीत छोट्या जमिनीचा नियम सोपा ठेवा: कोवळे सोडा. शिंगं बघू नका, अंग बघा. दीड वर्षाचा नर लांब पायांचा आणि किडकिडीत मानेचा असतो. साडेचार-पाचचा नर माजावर असताना मान खांद्यात मिसळलेला आणि पाठ सरळ दिसतो. बऱ्याच काउंट्यांत तसाही शिंगांचा नियम असतो: एका बाजूला तरी फाटे न फुटलेलं शिंग किंवा दोन शिंगांमध्ये आतून किमान 13 इंच अंतर. कान पुढे टवकारले की दोन टोकांत साधारण तेवढंच अंतर असतं, म्हणून शिंगं कानांच्या बाहेर दिसतात का हे बघायचं. 'वाईट शिंगांचे' नर वेचून जात सुधारण्याची चर्चा मात्र सोडून द्या. तुमच्या रानातल्या पाडसांचे बाप शेजाऱ्याकडे राहतात.

मारलेल्या प्रत्येक जनावराचा खालचा जबडा काढून ठेवा. त्यावर तारीख, नर की मादी आणि वजन लिहा. पुढून तिसरी दाढ बघा: तिला तीन उंचवटे असतील तर जनावर दीड वर्षाच्या आतबाहेरचं, दोन असतील तर अडीच किंवा अधिक. पाच वर्षांचे जबडे एका खोक्यात जमले की दीड वर्षाच्या माद्यांचं वजन वाढतंय की घटतंय हे कळतं. रानाची तब्येत याहून प्रामाणिकपणे कोणी सांगत नाही.

या सगळ्यात शेजारी हवेत. आसपासचे पाच-दहा मालक मिळून तीन-चार हजार एकर होत असतील आणि सगळे कोवळे नर सोडायला तयार असतील, तर ऐंशी एकरांचा माणूसही त्या मोठ्या रानाचा भागीदार होतो. टेक्सासात अशा सहकारी वन्यजीव संघटना पुष्कळ काउंट्यांत आहेत. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचे जीवशास्त्रज्ञ त्यांना आणि एकट्यादुकट्या मालकालाही येऊन फुकट सल्ला देतात. त्यांना पहिल्याच वर्षी बोलवा.

चितळ

ताडोबा किंवा पेंचमध्ये चितळांचे कळप बघितलेला माणूस केर काउंटीतल्या ओढ्याकाठी पन्नास चितळ उभे पाहून आधी चक्रावतो आणि मग हरखतो. ते आपल्याकडचेच आहेत. 1932 साली ते टेक्सासात आणले गेले, शिकारी रँचवर सोडले गेले, कुंपणं ओलांडून बाहेर पडले आणि आता हिल कंट्रीत हजारोंनी मोकळे फिरतात. काळवीटही साधारण तेव्हाच आले. नीलगाय, विदर्भातली रोही, दक्षिण टेक्सासच्या किनारी रानांत 1930च्या सुमारास सोडली गेली आणि तिथे ती आता गुरांच्या गोचीड-तापाची वाहक म्हणून डोकेदुखी आहे.

भारतात चितळावर बंदूक रोखणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. काळविटासाठी तर अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात रेहेकुरीचं अभयारण्यच आहे. टेक्सासात ही तिन्ही जनावरं 'परदेशी' गटात मोडतात: शिकारीला हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. परवाना मात्र लागतो. इतक्या उलट टोकाच्या दोन कायद्यांखाली तेच जनावर जगतं, हे पचायला वेळ लागतो. त्यामुळे बरेच भारतीय मालक चितळाला हात लावत नाहीत. त्यांची भावना समजू शकते, पण हिल कंट्रीच्या रानासाठी तो निर्णय चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

कारण पोटात आहे. व्हाइटटेलला पिकलेलं, जाडं गवत नीट पचत नाही. तो पाला आणि रुंद पानांच्या वनस्पतींवर जगतो. चितळ गवत तर खातोच, आणि ते संपलं की बिनदिक्कत पाल्याकडे वळतो. दुष्काळात दोघं एकाच झुडपापाशी येतात, पण उपाशी एकालाच राहावं लागतं. केर वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियात सिका या दुसऱ्या आशियाई हरणावर याचीच परीक्षा झाली. 1971 साली 96 एकरांच्या बंद कुंपणात सहा व्हाइटटेल आणि सहा सिका सोडले. 1979पर्यंत सिकांचा मोठा कळप झाला होता आणि व्हाइटटेल एकही उरलं नव्हतं. चितळाच्या पोटाची रीत सिकासारखीच आहे.

चितळाला आवर घालायला इथे वाघ नाही, रानकुत्रे नाहीत. कधीमधी थंडी घालते तेवढाच. फेब्रुवारी 2021च्या गोठवणाऱ्या वादळात पुष्कळ चितळ आणि काळवीट मेले, व्हाइटटेल मात्र बहुतेक तगले. थंडीची वाट बघत बसणं हे काही नियोजन नव्हे.

चितळाची शिकार व्हाइटटेलसारखी करून चालत नाही. त्याला ठराविक हंगाम नाही. नर बहुतेक मे ते ऑगस्टच्या उन्हाळ्यात माजावर येतात आणि भसाड्या आवाजात ओरडतात, पण कुठल्याही महिन्यात एखादा नर कोवळ्या, मखमली शिंगांवर असू शकतो आणि एखादी मादी लहान पाडसासह असू शकते. म्हणून मादीवर नेम धरला की लगेच चाप ओढू नका. पाच-दहा मिनिटं बघा. पाडस गवतात बसलेलं असतं आणि आईने दोन पावलं टाकली की उठतं. पाडसवाली दिसली तर ती सोडा, कळपात बिनपाडसाची असतेच. चितळ कळपाने राहतो आणि कळपात डोळे पुष्कळ असतात. फीडरवर तो फारसा भरवशाचा नाही. ओढ्याकाठी, पाण्याच्या वाटेवर, पहाटे किंवा संध्याकाळी उशिरा तो सापडतो. दरवर्षी व्हाइटटेलच्या माद्या ठरवून घेता तशाच चितळाच्या माद्याही घ्या, आणि शेजाऱ्यांनाही घ्यायला सांगा. एकाच्या ऐंशी एकरांवरून तो जातो आणि दुसऱ्याच्या ऐंशी एकरांवर वाढतो.

कागद

जमिनीला पूर्वीपासून शेतीचं करमूल्यांकन असेल तर गुरं न ठेवताही ते 'वन्यजीव व्यवस्थापन' म्हणून टिकवता येतं. कायद्यात सात कामं दिलेली आहेत: अधिवास सुधारणं, धूप रोखणं, हिंस्र प्राण्यांचं नियंत्रण, पाणी, पूरक खाद्य, निवारा आणि मोजणी. त्यातली किमान तीन दरवर्षी करून दाखवावी लागतात. वर सांगितलेलं सीडरचं काम, पाण्याचं टाकं आणि कॅमेरा-मोजणी एवढ्यात तीन होतात. अर्ज 30 एप्रिलच्या आत काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे द्यायचा, सोबत आराखडा. फोटो आणि पावत्या तारखेनिशी ठेवा. जमीन मोठ्या तुकड्यातून कापून घेतली असेल तर किमान आकाराचे नियम लागू होतात, ते खरेदीआधीच विचारा. पुढे जमिनीचा वापर बदलला तर मागच्या तीन वर्षांच्या कराचा फरक भरावा लागतो. पाण्याच्या टाक्यात तिरका दगड किंवा जाळीची फळी टाका, नाहीतर लहान पक्षी आणि खारी त्यात बुडतात.

2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीआधी हंटर एज्युकेशन करावं लागतं. एच-1बी व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: केंद्राच्या कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. अमेरिकेतला वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद आहे. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक, आणि परवाना संपू द्यायचा नाही. यात शंका असेल तर मित्राला न विचारता वकिलाला विचारा.

गोळी तुमच्या हद्दीबाहेर जाणं गुन्हा आहे, म्हणून मचाण उंचावर बांधा आणि नेम जमिनीकडे जाईल अशाच दिशा ठेवा. मागे टेकडी किंवा बांध नसेल तर चाप ओढायचा नाही. जखमी जनावर कुंपणापलीकडे गेलं तर शेजाऱ्याच्या परवानगीशिवाय मागे जाता येत नाही. हंगाम सुरू होण्याआधीच सगळ्या शेजाऱ्यांचे फोन नंबर घेऊन ठेवा. हद्दीवरच्या झाडांना आणि खांबांना जांभळे पट्टे मारले की टेक्सासात ती 'प्रवेश बंद'ची पाटी धरली जाते. पट्टा उभा, किमान आठ इंच लांब, एक इंच रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर. झाडीत दर शंभर फुटांना एक आणि मोकळ्या माळावर दर हजार फुटांना एक. शिकार भाड्याने देणार असाल तर त्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो.

मांस

टेक्सासात नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हंगाम उघडतो तेव्हाही दुपारी चांगलं ऊन असतं. जनावर पडलं की तासाच्या आत कोथळा काढा, पोटात बर्फाच्या पिशव्या भरा आणि सावलीत न्या. लवकरात लवकर ते 40 अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं पाहिजे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदूरोग टेक्सासात 2012 साली पहिल्यांदा आढळला, आणि काही भागांत तपासणी बंधनकारक असू शकते. त्या त्या वर्षीची नियमपुस्तिका बघा, डोकं आणि कणा कापू नका, आणि तुमच्या काउंटीत रोग असेल तर निकाल येईपर्यंत मांस खाऊ नका.

हरणाची चरबी मेणासारखी जिभेला चिकटते, म्हणून ती सगळी काढून टाका. उरलेलं मांस इतकं कोरडं असतं की बोकडाच्या वेळेने शिजवलं तर चिवट होतं. मांडीचे मोठे तुकडे दही-आलं-लसणात रात्रभर मुरवून मंद आचेवर झाकून शिजवावेत. खिम्यात थोडं तूप किंवा बोकडाची चरबी घालावी लागते. चितळाचं मांस व्हाइटटेलपेक्षा सौम्य असतं, आणि शिकारीचं मांस न खाणारे पाहुणेही ते दुसऱ्यांदा वाढून घेतात. घरात मावणार नाही एवढं व्हाइटटेल झालं, तर हंटर्स फॉर द हंग्री या योजनेत भाग घेणाऱ्या खाटकाकडे ते रीतसर टॅगसह द्या. तो ते फूड बँकेपर्यंत पोचवतो.